भाताची रोझरी

डेल्फिनने स्वयंपाक करताना घड्याळ कधी पाहिलंच नाही. गॅसवर भात चढवला की ती माळ हातात घेऊन रोझरीची प्रार्थना सुरू करायची, रोझरी संपली की भात उतरवायची. आज माणिकपूरच्या इस्पितळात ती ऑपरेशनसाठी आत होती आणि तिची माळ बाहेर बसलेल्या नवऱ्याच्या मुठीत. जेम्सने अख्खी रोझरी म्हटली, तरी भिंतीवरचा काटा जेमतेम सरकला. "घड्याळ बंद पडलंय गं," तो लेकीला म्हणाला. "चालू आहे, पप्पा. तुम्हीच भरभर म्हणताय. मम्मीचा भात कच्चा राहिला असता." ओशाळून त्याने पुन्हा पहिला मणी धरला. शेवटच्या मण्याला दार उघडलं. डॉक्टर मान खाली घालून आले. जेम्सने त्यांना हातानेच थांबवलं. रोझरी चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. आता त्याने एकेक शब्द सावकाश उच्चारला. शेवटी फक्त 'आमेन' उरलं. ते त्याने म्हटलंच नाही.