घरची उमेदवार

"तुला कसली गं भीती? तू तर घरचीच! मरण आमचं, बाहेरून आलेल्यांचं," मुलाखतीची वाट बघत बसलेली मोनिक म्हणाली. ती बसने शिकागोहून आली होती. ग्रेटा मात्र याच विद्यापीठाची पदवीधर, आणि आता इथल्याच मेडिकल कॉलेजात प्रवेश मागत होती.

ग्रेटा आत गेली, तेव्हा मुलाखत घ्यायला तिघे बसले होते. त्यांतले डॉ. हॅलोरन दिसले आणि ग्रेटाच्या जिवात जीव आला. त्यांच्याच लॅबमध्ये ती दोन वर्षं राबली होती.

पहिला प्रश्न त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी टाकला. "दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीत चक्क नापास? आणि डॉक्टर व्हायचं म्हणतेस?"

ग्रेटा नापास का झाली, ते फक्त हॅलोरन सरांना ठाऊक होतं, तेही तिने सांगितलं म्हणून नाही. तिच्या घरून लॅबमध्ये आलेला फोन त्या दिवशी त्यांनी उचलला होता, एवढंच. तिने आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

सर खुर्ची सरकवून उठले. "ही माझी विद्यार्थिनी आहे. मी हिच्याबद्दल एक शब्द जरी बोललो, तरी तो पक्षपात ठरेल. मी बाहेर थांबतो."

दार बंद झालं. बाई उत्तराची वाट बघत होत्या.



"तेव्हा माझा धाकटा भाऊ गेला," ग्रेटा म्हणाली. आजवर जिवलग मैत्रिणींनाही जे सांगवलं नव्हतं, ते ती दोन परक्या माणसांना सांगत होती.