कागदापुरता घटस्फोट

“कोड आला का गं?” मर्लने फोनवर विचारलं.

“आला. चार, शून्य, नऊ... अरे, हळू दाब. मागच्या खेपेला तीनदा चुकवलंस आणि खातं बंद पाडून बसलास.”

“पुढचे सांग ना. इथली ग्रंथालयातली बाई माझ्याकडे टकामका बघतेय.”

लव्होनने उरलेले आकडे सांगितले. मर्लचं सरकारी पेन्शनचं खातं चार वर्षांपूर्वी तिनेच उघडून दिलं होतं. पासवर्ड तिचा, मोबाइल नंबरही तिचाच. मर्लने जन्मभर खडीचा ट्रक चालवला. की-बोर्डवर त्याची दोनच बोटं चालायची, तीही रुसून.

आता तो ओहायो नदीच्या पलीकडे राहायचा, चुलतभावाच्या मागच्या खोलीत. तिथे इंटरनेट नव्हतं म्हणे.

लव्होनला नसांचा आजार. आधी पाय गेले, मग डावा हात. अपंगांचा भत्ता आणि घरी मदतनीस हवी होती; पण नवऱ्याची कमाई तिच्या नावापुढे धरली जायची आणि अर्ज परत यायचा. दोनदा आला. तेव्हा मर्लच म्हणाला, “घटस्फोट घेऊ. कागदापुरता. गावात दोन जोडप्यांनी घेतलाय, कुणाचं काय बिघडलं?”

एकतीस वर्षांचा संसार! ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सही केली. २०२३च्या मे महिन्यात निकाल लागला. एका छपराखाली राहिलं तर भत्त्याचं कार्यालय नवरा-बायकोच धरणार, म्हणून मर्ल बॅग भरून निघाला. दारात उभा राहून हमसून हमसून रडला. ती रडली नाही. त्याला आवरायला कुणीतरी हवं होतं.

जुलैत भत्ता सुरू झाला आणि ट्रीना यायला लागली. ही मदतनीस तोंडाची फटकळ, पण हाताची मऊ.

“तुमचा घटस्फोट झालेला नवरा दर बुधवारी, रविवारी येतो,” ती म्हणायची, “खिडकीची जाळी ठोकतो, मक्याचा पाव आणतो. माझा लग्नाचा आहे, तो सोफ्यावरून उठत नाही. मीही घेते बाई घटस्फोट!”

लव्होन हसू गिळायची. खरं सांगायची सोय नव्हती. कुणी कार्यालयात कळवलं म्हणजे? मर्ल तर इतका जपायचा, की किराणा दुकानात समोर आला तरी “काय लव्होन, बरी आहेस ना?” एवढं बोलून पुढे सटकायचा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग रविवारी तो कोमट पाण्याने तिचे केस धुऊन द्यायचा आणि राग कुठल्या कुठे जायचा.

तरी एक भीती तिला आतून खात होती. कागद खोटा आहे हे दोघांनाच ठाऊक. त्यातला एक जण विसरला तर? एकदा तिने हे बोलून दाखवलं तेव्हा मर्ल डाफरला होता, “खुळी का काय तू? तुझ्यासाठी चाललंय ना हे सगळं?”

“भरून झाला का पेन्शनचा अर्ज?” तिने आता फोनवर विचारलं.

“कसला होतोय! शेवटच्या पानावर बँकेचा नंबर मागतंय, तो घरी राहिला. मरू दे. सोमवारी कार्यालयातच जातो.”

“चाळीस मैल? त्या गुडघ्यावर? सोमवारी बर्फ सांगितलंय. थांब, मी भरते इथून.”

“तू हात लावू नकोस!” त्याचा आवाज एकदम चढला. मग खाली आला. “नको ते दिसेल, लव्होन. मनाला लावून घेशील उगीच.”

तिला कळलं. अर्जात लग्नाचं पान असतंच. तिथे त्याने स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहिलेलं असणार आणि ते तिच्या नजरेस पडू नये म्हणून हा आटापिटा करतोय. मेला, या वयातही! तिला भरून आलं.

फोन ठेवला. ट्रीना औषधं आणायला गेली होती. लव्होनने लॅपटॉप ओढला. एक शब्द तर वाचायचा, त्याला काय भ्यायचं? आठ महिने दवाखान्यात, चर्चमध्ये लोक तिला घटस्फोटितच म्हणत होते. नवा कोड तिच्याच मोबाइलवर आला. अर्धवट अर्ज उघडला. त्याच्या बँकेचा नंबर तिला पाठ होता, तो घातला. पण सहीआधी सगळी पानं तपासल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना.

नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. मग लग्नाचं पान. तिने दीर्घ श्वास घेतला.

‘सध्या विवाहित आहात का?’

‘होय.’

तिने पुन्हा वाचलं. होय! तिला हसू फुटलं आणि डोळ्यांना धाराही लागल्या. अरे वेड्या! शपथेवरच्या अर्जात तुझ्याने ‘नाही’ लिहवलंच नाही? म्हणून हात लावू नको म्हणत होतास होय! आणि मी बया काय काय मनात आणत बसले होते.

तिने बाहीने नाक पुसलं. पण अर्ज असाच गेला तर भत्ता बंद, ट्रीना बंद, वर फसवणुकीचा ठपका दोघांवर. दुरुस्त करायलाच हवं. रविवारी त्याला असं चिडवायचं, असं चिडवायचं की कान लाल झाले पाहिजेत!

उजव्या हाताच्या बोटाने तिने ‘बदल करा’ दाबलं. पुढचा तपशील उघडला.

‘पत्नीचं नाव : कोरीन ॲन हॅथवे. विवाहाची तारीख : ११ जून २०२३.’