तुला मुलं किती?

इर्बिद शहरातल्या दवाखान्यात नर्स रिहाबपुढे गोवराच्या लशीचा एक डोस, उम्म फव्वाज नावाच्या आजीच्या मांडीवर एक नातू आणि टॅबवर शंका सोडवणारा एक चॅटबॉट होता. या आजीच्या गल्लीत गोवर शिरला होता, तरी तासभर तिचे प्रश्नच चालले होते. “तुला मुलं किती रे?” आजीने टॅबला विचारलं. “मला मुलं नाहीत.” “आणि तुला गं?” “माझं लग्न नाही झालं, हाज्जा आजी!” रिहाब वैतागली. “दोघंही बिनलेकराची, आणि मला शिकवताय! आई आहे ना तुला? लाव फोन.” रिहाबने दातओठ खात आईला फोन लावला. “पाचही पोरांना टोचली, सगळी धडधाकट आहेत,” आईने सांगितलं. लशीचं बोलणं तेवढंच. पुढची वीस मिनिटं दोघी रिहाबसाठी नवरा शोधत होत्या. “टोच आता,” फोन परत देत आजी म्हणाली. नातवाच्या दंडात अर्धा मिलिलिटर लस गेली.