गाडी खोकलीसुद्धा नाही

सिरिलनं किल्ली फिरवली. घर्र घर्र झालं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग त्यानं तोंड जमेल तेवढं सुतकी केलं आणि गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

"काल छान चालली होती हो."

हे मात्र अगदी खरं होतं. ती उघड्या टपाची लाल दोन-सीटर काल चौदा वर्षांत पहिल्यांदा सुरू झाली, आणि तो गोड आवाज ऐकून सिरिल घाबरला. म्हणून तर आज न्याहारीच्या आधीच त्यानं डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून आतला रोटर काढून घेतला होता. एवढासा तपकिरी तुकडा. पण तो नसला की प्लगला ठिणगी मिळत नाही, मग बसा किल्ली फिरवत. आत्ता तो सिरिलच्या कोटाच्या खिशात होता, खोकल्याच्या गोळ्यांच्या शेजारी.

इंग्लंडातल्या मोटारींच्या गावी, कॉव्हेंट्रीत, रिटायर झालेल्या माणसाच्या गॅरेजात अशी एखादी म्हातारी गाडी असतेच. बायकोपासून पळायला ती बरी पडते. सिरिलची बायको गेली, गाडी राहिली. घोळ घातला तो मुलीनं. हेदर ऑस्ट्रेलियात होती आणि फोनवर तिचं एकच टुमणं असे, "डॅड, आता कायमचा इकडे ये." सिरिलचंही उत्तर ठरलेलं, "गाडी नीट झाली, विकली, की निघालोच." मग कधी पत्रा गंजायचा, कधी गिअर अडायचा. शेवटी पोरीनं तिथे बसल्या बसल्या गिऱ्हाईक शोधलं आणि सरळ बापाच्या दारात आणून उभं केलं. आता गाडी सुरू होणं म्हणजे सिरिल ऑस्ट्रेलियाला जाणं, इतकी साधी गोष्ट होती.

"इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप गेलाय," बॉनेटमध्ये डोकं घालून वॉल्टर म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो याला. पण याला कधी कुणाचं ऐकायचंय!"

वॉल्टर शेजारचा. दोघांनी एकाच कारखान्यात इंजिनं जोडत जन्म काढलेला. दर शनिवारी तो गॅरेजात यायचा, सिरिलचा चहा प्यायचा, सिरिलची अक्कल काढायचा आणि जाताना जांभळ्या सालीचे बटाटे ठेवून जायचा. ते तो स्वतः पिकवायचा. अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाला असलं खूळ नव्हतं.

इतका मुरलेला माणूस, आणि याला साधी ठिणगी तपासायचं सुचू नये? सिरिलला नवल वाटलं. पण पथ्यावरच पडलं होतं, म्हणून तो गप्प बसला.

"मी संध्याकाळपर्यंत गावातच आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "सुरू झाली तर फोन करा. लगेच येऊन घेऊन जातो."

तो गेला. सिरिलनं सुटकेचा निःश्वास टाकला, पण वॉल्टर बॉनेटवर हात टेकून तिथेच उभा होता.

"मग कर की नीट. विकून टाक आणि जा एकदाचा."

"जाऊ म्हणतोस?"

"इथे काय सोनं पुरलंय तुझं? तिकडे ऊन आहे, समुद्र आहे, मुलगी आहे. शिवाय माझे शनिवार तरी सुटतील. चौदा वर्षं तुझं ते गटाराचं पाणी चहा म्हणून पितोय मी." एवढं बोलून तो कुंपणापलीकडे आपल्या घरात निघून गेला.

सिरिलला ते लागलं. चांगलंच लागलं. ज्याच्यासाठी पोटच्या पोरीशी खोटं बोलायचं, त्यालाच आपली अडचण होत असेल तर राहायचं कुणासाठी? खड्ड्यात गेला वॉल्टर आणि त्याचे शनिवार. त्यानं खिशातून रोटर काढला, जागेवर बसवला, टोपी लावली आणि किल्ली फिरवली.

गाडी एकदा खोकली. पुन्हा खोकली. गुदमरली. आणि मग, धडाम!

मागच्या धुराच्या नळकांड्यातून काहीतरी सुसाट सुटलं आणि कुंपणावरून जाऊन वॉल्टरच्या पत्र्याच्या कचरापेटीवर आदळलं. इंजिन मात्र आता मजेत गुरगुरत होतं.

सिरिल उतरून कुंपणाशी गेला. पेटीपाशी एक बटाटा चेंदामेंदा होऊन पडला होता. त्याच्यातून वाफा निघत होत्या. साल जांभळी होती.

मागचं दार उघडून वॉल्टर बाहेर आला. बटाट्याकडे पाहून त्याचे कान लाल झाले.

"कुणाचा रे हा?" सिरिलनं विचारलं.

"मला काय ठाऊक? बाजारात मिळतात असले."

सिरिलला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्हींचा त्याला राग आला होता. तेवढ्यात वॉल्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांब थांब. नळकांडं बटाट्यानं बुजलं, धूर कोंडला, तरी इंजिन निदान खोकतं. सकाळी ती खोकलीसुद्धा नाही." त्यानं सिरिलकडे रोखून पाहिलं. "काय काढलं होतंस?"

सिरिल गॅरेजात गेला, इंजिन बंद केलं, टोपी उघडली, आणि रोटर आणून वॉल्टरच्या हातावर ठेवला.

वॉल्टरनं मूठ मिटली.

"नालायका," तो म्हणाला, "आधी सांगायला काय झालं होतं? चांगला बटाटा वाया घालवलास माझा."