पिवळा टॉवेल

स्टेशनच्या आधीच्या वळणावर मेट्रो हळू झाली तसे वडील खिडकीकडे सरकले. रुळांना लागूनच त्यांची इमारत होती. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोरीवर पिवळा टॉवेल लटकत होता.

“चल, उतरू,” ते म्हणाले.

मोटरसायकल गॅरेजात पडलेली, म्हणून मुलगा आज कामावरून वडिलांबरोबर परतत होता. जिना उतरले तर समोरच घराकडे जाणारी मिनीबस सुटायच्या बेतात. वडिलांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुलाच्या खांबाशी डेअरीचं दुकान होतं, तिथल्या रांगेत ते जाऊन उभे राहिले.

“बाबा, बस जाईल. दूध आहे घरात.”

“टॉवेल बाहेर आहे ना,” ते म्हणाले. एवढं सांगितलं की सगळं आलं, अशा सुरात.

मुलगा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. ही खूण आईची. दूध संपलं की ती गॅलरीत पिवळा टॉवेल टाकायची, आणि वडील मेट्रोतून तो बघून दूध घेऊन यायचे. हातात फोन आले तरी या दोघांचं आपलं टॉवेलवरच चालायचं. घरातले सगळे त्यावरून त्यांना चिडवायचे. आई जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आपली बायको बिचारी धुणं वाळत घालते आणि बाबा रोज दूध उचलून आणतात, असं होय! फ्रीजमध्ये दुधाची एवढी पातेली का, हे त्याला आत्ता कळलं.

बस निघून गेली. त्याने जरा बाजूला होऊन बायकोला फोन लावला.

“अगं, तो पिवळा टॉवेल आत घे बघू. बाबांना वाटतंय, आईच टाकते.”



“मुद्दाम टाकते मी,” ती म्हणाली. “तो दिसला नाही तर बाबा उतरतच नाहीत. गाडीत बसून राहतात. शेवटच्या स्टेशनवरून वॉचमनचे फोन यायचे, मग मी जाऊन आणायचे. तुम्हाला कुठं सांगू? आई गेल्यावर तुम्ही आधीच निम्मे झाला होतात.”

 त्याने फोन खिशात टाकला.

वडील दुधाची पिशवी घेऊन आले. दोघं थांब्यावर उभे राहिले.

“घरात दूध फार साठतंय हो, बाबा,” त्याच्याच्याने राहवलं नाही.

“माहीत आहे.”

पुलावरून मेट्रो धडधडत गेली. आवाज ओसरेपर्यंत वडील थांबले.

“घरी गेलो की हात लावून बघतो मी त्या टॉवेलला. बाजूचे कपडे ओले असले तरी तो कोरडा असतो. रोज कोरडाच.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “ती पोर माझ्यासाठी एवढं करते. मग उतरायला नको?”