रिकामी पिशवी

ज्वारी. मूठभर घेतली, एक दाणा दाताखाली फोडला, उरलेली पोत्यात परत.

तूरडाळ. नाकाजवळ नेली. परत.

शेंगदाणे. नुसते बघितले.

आणि पिशवी रिकामीच घेऊन बाई निघाली. मागच्या शुक्रवारी असंच. त्याच्या मागच्या शुक्रवारीही.

मानवतच्या या शिधाघरात दर शुक्रवारी कुणीही यावं, हवं ते निवडून पिशवीभर न्यावं. पैसे नाहीत, फोटो नाही, कुणी काही विचारायचं नाही. नियम शिधाघर चालवणाऱ्या राजेश्रीनंच केला होता. आता त्याच नियमानं तिचं तोंड शिवलं होतं. बाईच्या चपलेला तारेचा टाका होता. गालफडं बसलेली. मग घेत का नाही?

"तिकीट न काढता गाडीतून फिरून उतरायलीय," भगवानराव म्हणाले. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. आता इथं पोती उचलू लागायचे. बाईचं नाव त्यांनी 'चेकर' ठेवलं होतं.

राजेश्रीला हसू आलं नाही. आठवडाभर तिच्या डोक्यातून तो फोडलेला दाणा गेला नाही. बाईला लाज वाटत असेल? घरचे रागावत असतील? की माल पसंत नाही? भाकरी मोडता मोडता तिचा हात थांबायचा.

चौथ्या शुक्रवारी तिनं आधीच एक पिशवी भरून टेबलाखाली ठेवली. ज्वारी, डाळ, तेल, गूळ. बाई आली की सरळ हातात द्यायची. काही ऐकूनच घ्यायचं नाही.

बाई आली. ज्वारी, दाणा, दात. डाळ, नाक. राजेश्री वाकली. तिनं पिशवीचे बंद धरले.

"ताई, आज बी काई न्हाई घेतलं तर चालतंय?"

राजेश्री वाकलेलीच राहिली.

मग बाईनंच सांगितलं, ज्वारीच्या पोत्याकडं बघत. दोन वर्षांमागं त्यांच्या गल्लीत वाटपाची गाडी आली होती. प्रत्येकीच्या हातात तांदळाचं बांधलेलं पुडकं. ही म्हणाली, तांदूळ नको, ज्वारी असली तर द्या. गाडीवाल्यांनी पुडकं काढून घेतलं. गाडी त्या गल्लीत पुन्हा कधी वळली नाही. तेव्हापासून अख्खी गल्ली हिला बोलत होती.

बंद राजेश्रीच्या बोटांत रुतले होते. तिनं ते सोडले. पिशवी पायानं आत सरकवली.

"चालतंय, मावशी."

"अन् पुढच्या शुक्रवारी येऊ देता?"

"या की."

बाईनं मान हलवली. रिकामी पिशवी काखेत मारून ती दाराकडं गेली. भगवानरावांनी कपाळाला हात लावला.

पण बाई उंबऱ्यावरच थांबली. बाहेर भिंतीच्या सावलीला तिच्या गल्लीतल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर घडी घातलेली पिशवी.

"या गं समद्या," ती म्हणाली. "हितं नको म्हणता येतंय."