बावन्नावं मिनिट

दोन नंबरच्या हॉलमध्ये पिक्चर सुरू होऊन पन्नास मिनिटं झाली होती. दारवान दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून उभा होता. सकाळपासून महोत्सवाचे तीन खेळ झाले होते. लोकांना जागेवर बसवता बसवता जेवढं दिसलं तेवढं त्याने पाहिलं. हा चौथा मात्र त्याला बघायचाच होता. तोही सगळा नाही. आठ सेकंद.

तीस वर्षं हा पिक्चर डब्यात पडून होता. त्याच्या बायकोने त्यात गर्दीतलं काम केलं होतं. बादली घेऊन गल्लीतून जायचं, बस्स. अकरा वेळा चालायला लावलं, हे ती अगदी दवाखान्यातल्या खाटेवरही हसून सांगायची. दिग्दर्शक म्हणे ओरडला होता, "अहो बाई, पाण्याला निघालात, माहेरी नाही!"

घरात तिचे फोटो होते. चालताना ती कुठेच नव्हती.

रिळं तपासून झाल्यावर ऑपरेटरने त्याला सकाळीच वर बोलावलं होतं. "बावन्नावं मिनिट. बादलीवाली एकच आहे. उजवीकडून येते, डावीकडे जाते. डोळा लवू देऊ नकोस, बाबा."

"परत कधी लावणार?"

"परत कुठलं? उद्या सकाळी रिळं जिथून आली तिथे जाणार."

त्याने घड्याळ पाहिलं. एक्कावन्न. युनिफॉर्मचं वरचं बटण लावलं. पडद्यावर गल्ली आली.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. गळ्यात पास अडकवलेली एक मुलगी धापा टाकत आत आली. "सॉरी काका, उशीर झाला. जे रांग, चौदा."

मिनिटभर थांब, म्हणायला हवं होतं. पण बावीस वर्षांची सवय. हात आपोआप बॅटरीकडे गेला. नोकरीला लागला तेव्हा जुन्या मॅनेजरने एकच गोष्ट घोटून घेतली होती : माणसाला नेताना उजेड पायरीवर आणि आपली नजर उजेडावर. पडद्याकडे बघत चाललास तर कुणाचा तरी पाय मोडशील.

तो पायऱ्या उतरू लागला. मागे मुलगी. चौथी पायरी, पाचवी. सहाव्या पायरीवर त्याला रिकाम्या बादलीची कडी ऐकू आली. भरभर वाजत होती.

त्याने मान वर केली. गल्लीत एक कुत्रं उभं होतं आणि डावीकडे बघत होतं.

मुलगी चौदा नंबरवर बसली. त्याची बाही धरून हळूच म्हणाली, "काका, महत्त्वाचं काही गेलं का हो?"

बॅटरी अजून पेटलेलीच होती. त्याने ती विझवली.

"नाही," तो म्हणाला. "एक बाई पाण्याला गेली."